३० मीटरच्या डाइव्हसाठी डीकम्प्रेशनचा हिशोब हाताने करायला शिकावं, की डाइव्ह कॉम्प्युटरवर सोडावं?

डीकम्प्रेशनचा हिशोब, म्हणजे शरीरात विरघळलेला नायट्रोजन सुरक्षितपणे बाहेर पडावा म्हणून किती वेळ खाली राहायचं आणि कसं वर यायचं याचा हिशोब, कॉम्प्युटरला करू द्या. हाताने करायचा हिशोब हवेचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक नवे डायव्हर करत नाहीत. तुम्ही लिहिलंय की ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, स्वतःचा कॉम्प्युटर घेतलाय, १२ लिटरच्या सिलिंडरवर ३० मीटरपर्यंत जायचंय आणि 'सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं एकक) उरले की वर यायचं' हा नियम शिकवलाय. गिअरबद्दलही विचारलंय. माझी खरी काळजी त्या ५० बारची आहे. पण आधी कॉम्प्युटरबद्दल.

समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो ४ बार होतो. श्वासातल्या नायट्रोजनचा दाब पृष्ठभागावर ०.७९ बार असतो, तो तिथे ३.१६ होतो आणि नायट्रोजन रक्तामार्फत शरीरात विरघळू लागतो. सगळीकडे सारख्या वेगाने नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये जी पद्धत मांडली, तिचा गाभा आजही तोच आहे: शरीराचे काही कप्पे कल्पायचे आणि प्रत्येक कप्पा अर्धा भरायला किती मिनिटं लागतात ते ठरवायचं. हॉल्डेननी ५ ते ७५ मिनिटांचे पाच कप्पे घेतले. आजच्या अनेक कॉम्प्युटरांत असलेल्या ब्यूलमानच्या पद्धतीत १६ आहेत, आणि सर्वांत संथ कप्प्याला ६३५ मिनिटं लागतात. हे कप्पे म्हणजे खरे अवयव नव्हेत, गणिताची सोय आहे.

३० मीटरवर २० मिनिटं राहिलात तर ५ मिनिटांचा कप्पा सुमारे ९४ टक्के भरतो, ४० मिनिटांचा जेमतेम २९ टक्के. वर आल्यावर पहिला भराभर रिकामा होतो, दुसरा रेंगाळतो, आणि दुसऱ्या डाइव्हला तुम्ही ती शिल्लक घेऊनच उतरता. त्यात खोली सतत बदलत असते. हे पाण्याखाली हाताने जुळवणं शक्य नाही. छापील तक्ता वापरला तर तो सगळा वेळ सर्वांत खोल जागी गेला असं धरतो. तरी तक्ता एकदा नीट समजून घ्या, कारण त्यामुळे अंदाज बसतो: मनोरंजनासाठी डाइव्ह करणाऱ्यांच्या एका प्रचलित तक्त्यात पहिल्या डाइव्हला, वर येताना सक्तीचे थांबे न लागता, १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. कॉम्प्युटर याच्याशी अजिबात न जुळणारा आकडा दाखवत असेल, तर सेटिंग तपासायला हवं हे तुमच्या लक्षात येईल.

सेटिंगमध्ये ग्रेडियंट फॅक्टर (मर्यादेच्या किती जवळ जायचं ते ठरवणारे आकडे) असेल तर 'हाय'चा आकडा बघा. ८५ म्हणजे गणिताने ठरवलेल्या मर्यादेच्या ८५ टक्क्यांपर्यंतच जायचं. थंड पाणी, अपुरी झोप, कमी प्यालेलं पाणी, प्रवाहाविरुद्ध केलेली मेहनत यांतलं काहीही कॉम्प्युटरला नीट कळत नाही, म्हणून अशा दिवशी हा आकडा खाली आणा. बडीबरोबर (डाइव्हमधल्या जोडीदाराबरोबर) एकच कॉम्प्युटर वाटून घेऊ नका. दिवसभराच्या सगळ्या डाइव्हना तोच कॉम्प्युटर तुमच्याच मनगटावर हवा.

आता हवा. समजा तळाशी असताना बडीची हवा अचानक बंद पडली. त्या क्षणी तुमच्या एका सिलिंडरवर दोघांना वर यायचंय. घाबरलेला माणूस जोरात श्वास घेतो, म्हणून दोघांचा मिळून पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ६० लिटर धरा. ऑक्टोपस (बडीला श्वास घ्यायला द्यायचा जादा माउथपीस) देऊन सावरायला १ मिनिट: ४ बार गुणिले ६०, म्हणजे २४० लिटर. ३० वरून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटर वेगाने साधारण ३ मिनिटं, सरासरी दाब २.७५ बार: ४९५ लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे खबरदारीचा थांबा: २७० लिटर. शेवटचे ५ मीटर सावकाश, १ मिनिट: ७५ लिटर. एकूण १०८० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये दर बारला १२ लिटर हवा असते, म्हणजे हे ९० बार झाले.

५० बार म्हणजे ६०० लिटर. ३० मीटरवर दोघांना मिळून ते अडीच मिनिटं पुरतात.

५० बारचा नियम चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ ५० बार घेऊन बोटीवर परतायचं असा आहे. तळ सोडायचा आकडा खोलीप्रमाणे वेगळा काढावा लागतो. तुमच्या डाइव्हमध्ये भरलेल्या सिलिंडरच्या २०० बारपैकी ९० राखून ११० वापरायचे, म्हणजे १३२० लिटर. शांतपणे पोहताना तुमचा खर्च पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर असेल तर ३० मीटरवर तो ८० होतो, आणि ही हवा साडेसोळा मिनिटं पुरते. म्हणजे तक्त्यातली २० मिनिटं संपायच्या आधीच तुमची परतायची वेळ झालेली असते. कॉम्प्युटर तेव्हाही शिल्लक मिनिटं दाखवत असेल. हवेचं प्रेशर दाखवणारे कॉम्प्युटर असतात, पण तुमच्या बडीला वर आणायला किती हवा राखायची हे डाइव्हपूर्वी तुम्हालाच ठरवायचंय.

तुमचा स्वतःचा खर्च मोजणं सोपं आहे. १० मीटरवर एकाच पातळीत १० मिनिटं पोहा. १२ लिटरच्या सिलिंडरमधून ३३ बार गेले तर सुमारे ४०० लिटर झाले. त्याला १० मिनिटांनी आणि तिथल्या २ बार दाबाने भागा, २० मिळतील. पुढचे आकडे स्वतःच्या खर्चावर बसवा. सिलिंडर २०० ऐवजी १८० बारच भरून आला, तरी राखीव ९० तेवढेच राहतात. कमी होतो तो फक्त वापरायचा भाग.

गिअरचं विचारलंत, तर मी सर्वांत जास्त वेळ वजनांवर घालवायला सांगेन. २०० वरून ५० बारवर येईपर्यंत १८०० लिटर हवा संपते आणि त्या हवेचं वजन दोन किलोहून जास्त असतं. म्हणजे ज्या वेळी ५ मीटरवर स्थिर थांबायचंय, त्याच वेळी तुम्ही सर्वांत हलके असता. सुरुवातीला बरोबर वाटलेली वजनं इथे कमी पडली तर शरीर वर खेचलं जातं आणि स्टॉप हातचा जातो. म्हणून वजनांची चाचणी ५० बारच्या आसपासच्या सिलिंडरवर, त्याच सूटमध्ये करा: बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) रिकामं असताना ५ मीटरवर शांत श्वास घेत थांबता आलं पाहिजे. त्याहून जास्त वजन लावणंही वाईट, कारण ते तोलायला बीसीडीत जास्त हवा भरावी लागते आणि वर येताना तीच हवा फुगत जाते.

उतरण्याआधी रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या उपकरणातून) चार-पाच खोल श्वास घ्या आणि त्या वेळी गेजचा काटा बघा. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. पृष्ठभागावर ही हवा पुरेशी वाटते, खोलवर ती पुरी पडत नाही. ऑक्टोपस छातीच्या त्रिकोणात, बडीला दिसेल आणि एका ओढीत सुटेल असा लावा. तो प्रत्यक्ष तोंडात घेऊन पाहा. सिग्नल बॉय (बोटीला तुमची जागा दाखवणारा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रील सोबत ठेवा, आणि बॉय पाण्याखालून सोडायचा सराव उथळ जागी करून घ्या.

नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन असलेलं मिश्रण) घेतलंत तर ३० मीटरवर नायट्रोजनचा भार हवेवरच्या सुमारे २४ मीटरइतका होतो. पण त्याची खोलीची मर्यादा ३३ मीटरच्या जरा पुढे संपते आणि हवेचा खर्च तेवढाच राहतो, शिवाय त्याचा वेगळा कोर्स लागतो. विमानाबाबत: एकाच नो-डीको (वर येताना सक्तीचे थांबे न लागणाऱ्या) डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबा.

सगळं मर्यादेत राहूनही डीकम्प्रेशन सिकनेस (विरघळलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊन होणारा त्रास) होऊ शकतो. सांधा दुखणं, मुंग्या, चट्टे, चक्कर, कारण नसताना आलेला थकवा यांतलं काही वर आल्यावर जाणवलं तर 'खांदा अवघडला असेल' म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. शुद्ध ऑक्सिजन सुरू करायचा, आडवं व्हायचं आणि डायव्हिंगच्या वैद्यकीय हेल्पलाइनला फोन करायचा. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. त्रास घालवायला पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, ते उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्येच (दाब वाढवता येणाऱ्या बंद कक्षातच) होतात. बोटीवर ऑक्सिजन किट आहे का आणि सिलिंडर भरलेला आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. नसेल तर त्या बोटीने ३० मीटरच्या डाइव्हला जाऊ नका.