लुक्लाला उतरताना कॅमेरा खाली ठेवा, फोटो परतीच्या सकाळी काढा

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीनंतर एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघताय तर कुडाळहून डीएसएलआर आणि लांबचं टिपणारी २०० मिमीची लेन्स न्यायची की मोबाईलवर भागवायचं, आणि नेपाळात लुक्लाला, म्हणजे जिथून ही पायवाट सुरू होते त्या गावी, विमान उतरतानाचा फोटो खिडकीतून कसा मिळेल. मी वेंगुर्ल्याचा, दोनदा जाऊन आलोय. कॅमेरा न्याच. पण उतरतानाचा फोटो खिडकीतून मिळेल ही आशा सोडा, कारण विमान सरळ धावपट्टीवर येतं तेव्हा धावपट्टी असते नाकासमोर आणि तुमची खिडकी असते बाजूला, तिच्यातून फक्त डोंगराची भिंत दिसते.

आधी जागा समजून घ्या, मग फोटो सुचतात. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी २५०० मीटर, लुक्लाची फक्त ५२७ मीटर, तीही साधारण २८५० मीटर उंचीवर आणि चढाची. चढ जवळपास १२ टक्के, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत ६० मीटरच्या वर चढते. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवलचा पूल बघितलाय ना, तो ६४ मीटर, साधारण तेवढी उंची! विमान चढावर उतरतं म्हणून लवकर थांबतं आणि उतारावर धावत सुटतं म्हणून लवकर वेग घेतं. वरच्या टोकाला लगेच डोंगर, त्यामुळे एकदा जवळ आलं की परत वर उचलून फेरी मारायची सोय नाही. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींच्या पुढाकाराने १९६४ साली बांधली, डांबर २००१ साली पडलं.

आता खिडकी. जाताना डावीकडे बसा, बर्फाची रांग उत्तरेला म्हणजे त्याच बाजूला असते. छोटं ट्विन ऑटर किंवा डॉर्निअर विमान असेल, दोन्हींचे पंख वर असतात त्यामुळे खाली बघायला पंख आड येत नाही, फक्त इंजिनच्या रेषेतली सीट टाळा. सीट नंबर बहुतेक वेळा नसतो, तेव्हा रांगेत पुढे राहा. पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करायला लेन्सवर लावतात ती काच) काढून ठेवा, मी पहिल्या खेपेला तो लावून बसलो आणि सगळ्या शिखरांवर जांभळे-हिरवे पट्टे आले, खिडकीच्या प्लास्टिकमुळे तसं होतं. लेन्स काचेला टेकवू नका, थरथर थेट फोटोत उतरते, काळी ओढणी भोवती धरा म्हणजे आतलं प्रतिबिंब जाईल. ऑटोफोकस काचेवरच्या ओरखड्यांवर अडकतो, तेव्हा लांबच्या शिखरावर एकदा फोकस करून मॅन्युअलला टाका. बर्फ राखाडी येतो म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाऊण-एक स्टॉप, म्हणजे +०.७ ते +१, वाढवा. हे सगळं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. विमान खाली यायला लागलं की कॅमेरा बॅगेत टाका आणि कॉकपिटचं दार उघडं असेल तर पुढे बघा, तो क्षण व्ह्यूफाइंडरमधून बघण्यातला नाही, मी पहिल्यांदा तसाच घालवला आणि त्याची हळहळ अजून आहे.

खरा फोटो परतीला. आदल्या दिवशी लुक्लात मुक्काम असतोच, सकाळी लवकर उठून धावपट्टीच्या वरच्या टोकाकडे कुंपणाबाहेर किंवा तिथल्या लॉजच्या गच्चीवर उभे राहा. विमानं नैऋत्येकडून येतात आणि सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून, म्हणजे विमानाच्या तोंडावर पडतं. तिथे २०० कामाला येते. पण समोरून अशा लांबच्या लेन्सने काढलं की चढ चपटा होतो, म्हणून दोन-चार फ्रेम बाजूने पण घ्या, आणि घरांच्या भिंती सरळ उभ्या ठेवा, चढ तेवढ्यानेच दिसतो, कॅमेरा तिरका धरून दाखवायला जाऊ नका.

शटरचं मात्र नीट लक्षात घ्या, लोक इथेच फसतात. ट्विन ऑटरचा पंखा तीन पात्यांचा, मिनिटाला २००० फेरे धरा, तर १/१००० सेकंदाच्या शटरला पातं फक्त १२ अंश सरकतं, पंखा थांबलेला वाटतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं, १/१२५ ला ९६ अंश सरकतं म्हणजे जवळजवळ पूर्ण चकती. १/१२५ ते १/२५० मध्ये ठेवा आणि विमानासोबत कॅमेरा फिरवा. मोबाईलचा सेन्सर ओळी-ओळीने वाचतो म्हणून त्यात पाती केळ्यासारखी वाकडी येतात, कॅमेरा न्या म्हटलं ते यासाठीच. सराव घरीच करा, टेबल फॅन लावून शटर बदलून बघा, आणि बंदरावर मासळी उतरते तेव्हा घारींमागे कॅमेरा फिरवा, आठवडाभरात हात बसतो.

वजन मात्र मोजा, त्या विमानात सगळं मिळून साधारण १५ किलोच चालतं. सीझनला विमान काठमांडूऐवजी त्याच्या पूर्वेकडच्या रामेछापहून सुटतं, म्हणजे मध्यरात्री काठमांडूहून चार-पाच तास गाडीने जायचं, तेव्हा बॅटऱ्या आदल्या संध्याकाळीच चार्ज करा आणि थंडीत खिशात ठेवा. दुपारी वारा-ढग आले की उड्डाणं बंद, म्हणून हाताशी दोन-तीन दिवस जास्त ठेवा.

आणि निघण्याआधी लेन्स उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर बुरशी बसलेली असते, माझ्या लेन्सला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी आली होती, घरी ती मला दिसलीच नाही, लुक्लात उन्हाविरुद्ध धरल्यावर दिसली.