स्टिक आपोआप डावीकडे पळते, पोराचा काय दोष?

प्रश्न: नमस्कार ताई, पोराकडे दोन वर्षांपासून गेमिंग कन्सोल आहे, आता कंट्रोलरला हात न लावता गेममधला खेळाडू आपोआप डावीकडे चालून राहिला. पोरगा म्हणतो मी काहीच नाही केलं, मी म्हणतो आपटला असशील, दोन दिवसांपासून घरात अबोला. बर्डीवरचा एक दुकानदार म्हणे हा गेला, नवीनच घ्या. नव्याला पाच-सहा हजार लागतात, खरंच फेकायचा का हा?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: भाऊ, आधी पोराशी बोला. याला ड्रिफ्ट म्हणतात आणि तो कंट्रोलर एकदाही न आपटता होतो, नुसता खेळून खेळून होतो.

जुन्या रेडिओचा आवाजाचा कान पिळला की खरखर यायची, आठवते ना? बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या त्या छोट्या दांडीखाली, तसलेच दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवर धातूचा बारीक काटा घासत फिरतो, तो कुठं आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि कन्सोलला कळतं स्टिक किती वळली. रोज घासून पट्टी झिजते, तिचा भुगा आतच पडतो, वरून आपली धूळ, मग स्टिक मधोमध उभी असली तरी कन्सोलला वाटतं ती डावीकडे झुकलेली आहे.

पहिले गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन शोधा आणि थोडा वाढवा, म्हणजे मधल्या बारीक हालचालीकडे गेम लक्षच देत नाही. थोडासा ड्रिफ्ट असेल तर यातच काम भागतं, फक्त नेम धरायच्या गेममध्ये स्टिक जरा मठ्ठ वाटेल. नाही भागलं तर कंट्रोलर बंद करून ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्टिकच्या बुडाशी दोन-तीन थेंब सोडा, स्टिक गोल गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर नका वापरू, त्यात पाणी असतं, बऱ्याचदा ग्लिसरीनही, आत चिकट थर बसतो. भुगा अडकला असेल तर फरक पडेल, पण चार दिवसांत दुखणं परत आलं तर समजा पट्टीच झिजली, तिथं कितीही धुवा उपयोग नाही.

तरी फेकू नका! नुसतं स्टिकचं मॉड्यूल, म्हणजे पोटेन्शिओमीटरसकट तेवढा सुटा भाग, बदलता येतं. हॉल इफेक्टवालं मिळालं तर तेच बसवून घ्या, त्यात स्टिकसोबत चुंबक फिरतं आणि सेन्सर न टेकता त्याचं क्षेत्र मोजतो, घासायला पट्टीच नाही तर झिजणार काय. आणि हे काही आजचं नाही बरं, सेगा या जपानी कंपनीनं १९९८ मध्ये आपल्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं, मग आजही बहुतेक कंट्रोलर पोटेन्शिओमीटरवरच चालतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याचा भुर्दंड तुमच्यासारख्या घरांना पडतो.

हे काम घरी मात्र नको, एका स्टिकचे जवळपास १४ टाके सोल्डरिंगनं सोडवावे लागतात, जास्त तापलं तर बोर्डच जाईल. मोबाइल दुरुस्तीवाला चांगला हात असलेला पाहा आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य नीट जुळवून, करून देणार का हे आधीच विचारा, नाहीतर नवी स्टिकही मध्यावर थांबणार नाही. जाताना पोरालाही घेऊन जा, पैसे द्यायच्या आधी त्यालाच तपासू द्या, स्टिक सरळ आहे की नाही ते त्याला तुमच्यापेक्षा लवकर कळेल.