पौर्णिमेला जावे की अष्टमीला? मालवणला निघालेल्या दोन जोडप्यांची पत्रे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझे वय ५३, यजमानांचे ५७. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, पण आम्ही दोघेच असे कुठेही कधी गेलो नाही. प्रत्येक प्रवासात मुले होती, सासूबाई होत्या किंवा एखादे कार्य तरी होते. आता मुले नोकरीनिमित्त बाहेर आहेत आणि नणंदबाई दोन रात्री सासूबाईंजवळ राहायला तयार आहेत. मला समुद्राजवळ राहायचे आहे, म्हणून मालवण ठरवले. यजमानांचे म्हणणे असे की एवढे लांब जायचे, तर कुणकेश्वर, सावंतवाडी आणि जमल्यास गोवाही करून यावे. शिवाय सोबत असावी म्हणून त्यांच्या कचेरीतल्या एका मित्रालाही सपत्नीक बोलवावे. माझे गुडघे दुखतात, मला पोहता येत नाही आणि होडीची भीती वाटते. या वयात दोघेच गेलो तर लोक काय म्हणतील, हाही विचार मनात येतो. दोन रात्रींसाठी एवढे जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, आणि दोघांनीच जाण्यात तो अधिक आहे. एकोणतीस वर्षे घरातल्या प्रत्येकाची सोय पाहिल्यावर दोन रात्री एकमेकांसाठी काढण्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते. मित्राचे कुटुंब पुन्हा कधीतरी अवश्य न्यावे. या वेळी त्यांना बोलावले, तर आपण दोघी मागे आणि ते दोघे पुढे बोलत चालतील, आणि जे मिळवण्यासाठी आपण निघालात तेच हातून निसटेल. ही गोष्ट यजमानांना रागाने नको, पण स्पष्ट शब्दांत सांगावी. कदाचित त्यांनाही दोघांनीच जायचा संकोच वाटत असेल आणि मित्राचे नाव त्या संकोचातूनच पुढे आले असेल.

गोवा या वेळी सोडून द्यावा. मालवणहून पणजीला जाऊन परत येण्यात अख्खा दिवस जातो, आणि आपल्याकडे मधला पूर्ण दिवस एकच आहे. कुणकेश्वर देवगड तालुक्यात आहे आणि देवस्थान सुंदर आहे, पण तेही दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे. माझा सल्ला असा, की मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे असलेल्या देवबागला एखाद्या घरगुती निवासात उतरावे आणि गाडी शक्य तितकी जागेवरून हलवू नये. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली माडांची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला समुद्र आहे, पूर्वेला नदी आहे आणि टोकाशी दोघांचा संगम आहे. एका बाजूचा सूर्योदय आणि दुसऱ्या बाजूचा सूर्यास्त पायी चालत जाऊन पाहता यावा अशा जागा आपल्या किनाऱ्यावर फार नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर सविस्तर लिहीत आहे, त्या तारखेकडे येते. सहलीची तारीख आपण सुट्टी पाहून किंवा खोली कधी रिकामी आहे ते पाहून ठरवतो. समुद्राकाठी जाणाऱ्याने मात्र आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहावी. चंद्राच्या ओढीने येणारी भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे तिथी कळली की पाण्याची वेळ कळते. कोकणात त्यासाठी पिढ्यान्पिढ्या वापरला जाणारा एक सोपा हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पाणी पूर्ण ओसरते, त्याला तिकडे सुकती म्हणतात. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ तिथल्या मच्छीमारांना विचारावी, पण बेत आखायला तो पुरेसा आहे.

आपल्या गुडघ्यांचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. भरतीच्या वेळी चालायला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत पुळण. तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि दुखऱ्या गुडघ्याला दहा पावलेही जड होतात. सुकतीला मात्र पाणी मागे सरून ओल्या वाळूचा रुंद, घट्ट पट्टा मोकळा होतो, आणि त्यावरून अनवाणी चालणे अंगणात चालण्याइतके सोपे जाते. आपल्याला ही मोकळी पुळण सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी सूर्य बुडताना हवी आहे. पाण्याची आणि सूर्याची ही जुळणी पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या सुमारास होते. त्यातून आपण पौर्णिमा निवडावी, कारण त्या संध्याकाळी समुद्रात सूर्य बुडतो तेव्हाच नदीच्या बाजूने चंद्र वर येत असतो. पश्चिमेची लाली विरेपर्यंत पुळणीवर बसावे, मग सावकाश पट्टी ओलांडून नदीकाठी यावे. तोवर पलीकडच्या माडांच्या शेंड्यांवर चंद्र आलेला असतो. यासाठी तिकीट लागत नाही की होडी लागत नाही.

महिना म्हणाल तर कार्तिक किंवा पौष. मार्गशीर्षातली पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. सांगलीकरांचे पाय त्या दिवशी नृसिंहवाडीकडे वळतात, तेव्हा आपल्याकडेही ती तारीख मोकळी नसावी. डिसेंबरची अखेर गर्दीमुळे टाळावी. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही टाळावी : तिची तारीख दरवर्षी कौल घेऊन ठरते, ती बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येते आणि त्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळणे कठीण होते. कार्तिक पौर्णिमेपासून मात्र गावोगावच्या लहान जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि त्यांत रात्री दशावतारी नाटक रंगते. आपल्या मुक्कामात जवळपास एखादी जत्रा असेल, तर घरमालकांना विचारून अवश्य जावे.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे पाचला सांगली सोडावी. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरावा, कणकवलीवरून कसालला यावे आणि तिथून मालवणकडे वळावे. दाजीपूरचा रस्ता गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अभयारण्यातून जातो, तेव्हा तिथे गाडी हळू चालवावी. दुपारच्या जेवणापर्यंत आपण देवबागला पोहोचाल. जेवण काय हवे ते आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवावे, कारण घरगुती निवासात स्वयंपाक माणसे मोजून होतो आणि मासळी सकाळीच आणली जाते. आपला वार शाकाहाराचा असला तरी काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे आणि सोलकढी एवढ्यावर जेवण तृप्त करणारे होते. यजमान मासे खात असतील, तर तिरफळ घातलेले बांगड्याचे सार त्यांना आवर्जून खाऊ घालावे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुळणीवर जावे. नशिबात असेल तर रापण ओढताना दिसेल. किनाऱ्यावरून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी माणसांच्या रांगा ओढत असतात, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. दोराला अडथळा होणार नाही असे बाजूला उभे राहावे.

त्याच सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पाणी चढत असताना, सिंधुदुर्गाला जावे. होडीची भीती मी समजू शकते, पण मालवणच्या धक्क्यावरून किल्ला समोरच दिसतो आणि प्रवास थोडक्यात संपतो. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याखेरीज होडीत बसू नये, होडी भरगच्च असेल तर पुढची घ्यावी, आणि परतीची वेळ होडीवाल्याशी आधीच ठरवावी. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. त्या वेळी गणेशपूजन जिथे झाले असे मानतात, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही पुजला जातो. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी वारशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. आपण तटावर चढायचा हट्ट धरू नये. राजाराम महाराजांनी बांधवलेले शिवराजेश्वराचे मंदिर पाहावे, आणि चारी बाजूंना खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींच्या काठी थोडे थांबावे. जाण्याचे धैर्य अगदीच झाले नाही, तर यजमानांना एकटे जाऊ द्यावे आणि आपण किनाऱ्यावर बसावे. त्यात कमीपणा काही नाही.

दुपारी मात्र पाण्यात जाऊ नये. पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती असते आणि लाटा जोराने वर येतात. संगमाच्या तोंडाशी तर कोणत्याही वेळी पोहायला किंवा डुंबायला उतरू नये. ओहोटीला नदीचे पाणी तिथून वेगाने बाहेर धावते आणि वरून शांत दिसणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. आपल्याला पोहता येत नाही म्हणून हे सांगत नाही; पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मी हेच सांगेन. संध्याकाळी सुकतीला, ओल्या वाळूच्या कडेला, लाट पावलांवरून जाईल एवढ्या पाण्यात दोघांनी हात धरून उभे राहावे. हवे असल्यास कर्ली नदीतून होडीची छोटी फेरी घ्यावी, तिथे लाटा नसतात.

परतीच्या दिवशी नेरूरपारच्या रस्त्याने कुडाळकडे निघावे, म्हणजे वाटेत धामापूरचा तलाव लागतो. तो १५३० साली बांधला गेला आणि २०२० साली त्याला सिंचनवारशाचा जागतिक मान मिळाला. काठावरच्या भगवती मंदिराच्या पायऱ्यांवर तासभर बसावे आणि मग घाट चढावा.

प्रश्न : आम्ही दोघे डोंबिवलीत राहतो, दोघेही नोकरी करतो. लग्नानंतर अजून कुठे गेलो नाही. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणला जाऊन पाण्याखालचे प्रवाळ पाहण्याचा विचार आहे. तुतारी एक्सप्रेसने जावे का?

उत्तर : जूनमध्ये जाऊ नये. पावसाळी वारे सुरू होताच समुद्र खवळतो आणि पाणी गढूळ होते. किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात ते पावसाळा ओसरेपर्यंत, आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे ताज्या मासळीचीही चणचण. आपला बेत दिवाळीनंतरच्या महिन्यांत न्यावा.

आपल्यासाठी तिथीही वेगळी आहे. पहिल्या पत्रातल्या भगिनींना मी पौर्णिमा सुचवली. आपण मात्र शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार पाहावा. त्या दिवसांत भांगाची भरती असते. पाणी कमी चढते, कमी उतरते, प्रवाह मंद राहतात आणि तळाचा गाळ कमी ढवळला जातो, त्यामुळे पाण्याखाली अधिक स्वच्छ दिसण्याची शक्यता असते. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्यावर पाय टेकला किंवा हात लावला तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटे टाकली जात असतील, तर ते नको असे आपण आधीच सांगावे. छायाचित्रात मासे थोडे कमी आले तरी चालतील.

गाडीबद्दल. कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते आणि तिथून मालवण रस्त्याने तासाभराच्या आसपास आहे, म्हणून हाती दीडच दिवस असताना मी जाताना तीच घेईन. तुतारी दुपारच्या सुमारास पोहोचते. परतीला मात्र तुतारी बरी : रविवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी ती ठाण्याला आणि दादरला आणते. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि कोकणातल्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा कॅलेंडरात अष्टमी सापडली की प्रवासाच्या तारखेच्या साठ दिवस मागची तारीखही खुणेने नोंदवून ठेवावी. कोकणकन्या मिळाली नाही आणि जातानाही तुतारीच घ्यावी लागली, तर एक चूक टाळावी. ती दादरहून मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शुक्रवारची रात्र म्हणून शुक्रवारचे तिकीट काढणारी माणसे फलाटावर उतरतात, तेव्हा त्यांची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. आपल्या तिकिटावर शनिवारची तारीख हवी.