‘ग्रस्त’ पुसा, आणि ‘आम्ही’ही

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात ऑटिझम असलेली मुलं, त्यांचे आईवडील आणि शेजारीपाजारी यांची एक संध्याकाळ ठरली आहे. फलकाचा मजकूर तयार आहे: ‘स्वमग्नतेने ग्रस्त मुलांना आम्ही समाजात सामावून घेऊ’. शंका दोनच. ‘स्वमग्नता’ लिहावं की ‘ऑटिझम’? आणि ‘सामावून घेऊ’पेक्षा ‘समावेशन करू’ जास्त भारदस्त दिसेल का?

ताई, तुम्ही ज्या शब्दांबद्दल विचारलंत ते सगळे चालतील. ज्या दोन शब्दांबद्दल विचारलं नाहीत, ते मात्र फलकावर जाता कामा नयेत.

पहिला ‘ग्रस्त’. हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. ग्रस् म्हणजे गिळणे. ग्रास, खग्रास, खंडग्रास, ग्रस्तोदय ही सगळी ग्रहणाची भाषा. पूरग्रस्त, धरणग्रस्त, कर्जग्रस्त म्हणताना शब्द चपखल बसतो, कारण तिथे बाहेरून काहीतरी आलं आणि चांगल्या चाललेल्या माणसाला गिळून बसलं. ऑटिझम असा बाहेरून येत नाही. मेंदूची घडणच मुळात वेगळी होते आणि ती आयुष्यभर सोबत राहते. राहूच्या पोटात कुणी ‘खरा’ मुलगा अडकलेला नसतो. पण शब्दाला स्वतःची ओढ असते. पंचांगात ग्रहणाला स्पर्श, मध्य आणि मोक्ष असतात. ग्रास म्हटला की मोक्षाची वाट पाहणं आलं, आणि मोक्ष म्हटला की ‘दे दान सुटे गिराण’ म्हणत फिरणारे आलेच. ‘ऑटिझम मुळापासून बरा करतो’ अशा जाहिराती करणारे ते हेच, फक्त आता झोळीऐवजी क्यूआर कोड असतो. ‘ग्रस्त’ पुसा.

‘स्वमग्न’ आणि ‘ऑटिस्टिक’बद्दल थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने ग्रीक ‘आउतोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. लहान मुलांच्या संदर्भात तो रुळला तो नंतर. आपण त्याचं भाषांतर केलं स्वमग्नता, हिंदीने स्वलीनता. चिनी-जपानी चिन्हांत जे लिहितात त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःला मिटून घेण्याचा आजार’. या तिघांत मराठी शब्द मला सर्वांत कमी वाईट वाटतो. मग्न हे मज्ज् धातूचं रूप, अर्थ बुडालेला. लॅटिनमधलं ‘मेर्गेरे’ त्याचंच भावंड. दोन बँका ‘मर्ज’ होतात ते त्यातूनच. (मज्जातंतूतली मज्जा याच घरची नव्हे, आणि पोरं ‘जाम मज्जा आली’ म्हणतात ती तर फारसीतून आलेली मजा. कृपया तिन्हींची मोट बांधून मला पाठवू नका. मागे एका गृहस्थांनी पाठवली होती.) मिटलेलं दार आणि मारलेली बुडी यांत फरक आहे, इतकंच सांगतो आणि पुढे जातो.

पुढे जाण्यापूर्वी एक तक्रार. अग्रलेखांतून ‘स्वमग्न नेतृत्व’, ‘स्वमग्न सरकार’ वाचून वैताग येतो. मान्य आहे, स्वमग्न आणि आत्ममग्न हे शब्द वैद्यकाच्या आधीपासून साहित्यात आहेत आणि कवीला आत्ममग्न म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण आता हा शब्द हजारो घरांत मुलाच्या तपासणी अहवालावर लिहिलेला असतो. पुढाऱ्याला शिव्या द्यायला आपमतलबी, आत्मप्रौढ, आपल्याच तोऱ्यात असलेला असे कितीतरी शब्द मराठीत ताजेतवाने बसून आहेत. ते वापरा की!

आता दुसरा शब्द, ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो: ‘आम्ही’.

इंग्रजीला आणि प्रमाण हिंदीला नाही अशी एक चैन मराठीला आहे. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की ऐकणाऱ्याने घरी बसायचं. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याने चपला घालायच्या. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ हेच करतात. म्हणजे समावेशन हा विषय आपल्या सर्वनामांतच सुटलेला आहे, त्यासाठी सरकारी शब्द आणायची गरज नाही. आणि तुमचा फलक काय म्हणतो? ‘आम्ही’ सामावून घेऊ. सामावून घ्यायचं ज्यांना, त्यांना क्रियापद येण्याआधीच सर्वनामाने बाहेर काढलं!

‘आपण’ची व्युत्पत्ती पाहिलीत तर मी एवढा का उत्साहात आलो ते कळेल. संस्कृत आत्मन्, प्राकृतात अप्पा, अप्पण, मराठीत आपण. आत्मन् म्हणजे स्वतः. म्हणजे ‘सगळे मिळून’ असं सांगणारं मराठी सर्वनाम ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दापासून आलं आहे, आणि ऑटिझममधला ‘ऑटो’ही नेमका तोच अर्थ सांगतो! ऑटोमॅटिकला आपण काय म्हणतो? आपोआप. तिथे ऑटोच्या जागी मराठीने आपणहून ‘आप’ बसवला आहे. याच ‘आप’च्या घरात आपमतलबी आहे, आपापला आहे, आणि आपुलकीही आहे. ‘स्व’ म्हटलं की माणूस एकटाच पडतो, असं मानण्याचं मराठीला कारण नाही. (आउतोस आणि आत्मन् हे एका धातूचे नाहीत, हे घाईघाईने सांगून ठेवतो. आत्मन्‌चं नातं श्वासाशी, जर्मन ‘आटेम’शी. अर्थाने जुळे, रक्ताने परके.)

ज्ञानेश्वरीत ‘आपणपें’ हा शब्द जागोजागी भेटतो. अर्थ स्वतः, स्वत्व. भाषांतरच करायचं होतं तर ऑटिझमला ‘आपणपे’ म्हणायला काय हरकत होती, असं मी एका परिभाषेच्या बैठकीत म्हटलं होतं. सगळे हसले आणि चहा आला. मला अजूनही तो शब्द आवडतो.

शालेय व्याकरणाने या शब्दाचे दोन तुकडे केले आहेत. एक पुरुषवाचक ‘आपण’, तो अनेकवचनी. दुसरा आत्मवाचक ‘आपण’, तो म्हणे वाक्याच्या आरंभी येत नाही. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात, पण दोन्ही एकच शब्द आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. दुसरीकडे काही भाषाशास्त्रज्ञ सांगतात की आम्ही-आपण हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला. संस्कृतात तो नव्हता, तमिळ-तेलुगूत आहे, तेव्हा शेजाराचा गुण मला मान्य आहे. पण हे सांगताना ते असा चेहरा करतात की जणू मराठीने उसना माल आणला. अहो, कल्पना शेजारची असेल, भांडं घरचंच वापरलं ना? आणि स्वतःपुरत्या भांड्यात चार माणसांचं वाढलं, ही करामत कुणाची? मला वाटतं ‘आपण सारे’, ‘आपण दोघे’ अशा जोडण्यांतून ‘स्वतः’चा ‘सगळे’ झाला असावा. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

आता माझ्या लाडक्या उपपत्तीकडे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये ११ मुलांवर जो निबंध लिहिला, आणि ज्यामुळे ऑटिझम हे नाव या मुलांना चिकटलं, त्यातच सर्वनामांची नोंद आहे. त्यांतली मुलं सर्वनामं ऐकली तशीच परत म्हणायची, स्वतःसाठी ‘तू’ वापरायची. आमच्याच इमारतीतला एक मुलगा तहान लागली की म्हणतो, “तुला पाणी हवंय?” आई त्याला तेच विचारते ना, मग पाणी मिळण्याचं वाक्य तेच. तर्काच्या दृष्टीने यात चूक कुठे आहे? मी आणि तू हे शब्दच लबाड आहेत, बोलणारा बदलला की माणूस बदलतात. टेबल कुणीही म्हटलं तरी टेबलच असतं. ‘मी’चं तसं नाही.

आणि आता ‘आपण’ पाहा. दोन माणसं समोरासमोर आहेत. यानं ‘आपण’ म्हटलं तरी तेच दोघे, त्यानं म्हटलं तरी तेच दोघे. ‘आपण’ उलटतच नाही! “आपण पाणी पिऊया?” हे आईचं वाक्य मुलाने जसंच्या तसं परत म्हटलं तरी ते बरोबरच. इतकंच नाही. दुकानदार म्हणतो “आपल्याला काय दाखवू?”, तिथे आपण म्हणजे तुम्ही. नाक्यावरचा पोरगा म्हणतो “आपल्याला नाय पटत”, तिथे आपण म्हणजे मी. “आपण येणार नाही, असं तो म्हणाला”, तिथे आपण म्हणजे तो. तिन्ही पुरुष एका शब्दात. हा शब्द चुकीचा वापरायचा म्हटलं तरी अवघड आहे. ज्या मुलाला मी-तूची फिरती खुर्ची नको वाटते, त्याच्यासाठी मराठीने आधीच एक स्थिर पाट मांडून ठेवला आहे, अशी माझी समजूत.

ही समजूत मी वाचा-उपचार करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, “काका, सगळ्याला आपण म्हणत राहिला, तर पोट त्याचं दुखतंय की माझं, हे मला कसं कळणार?” मुद्दा बिनतोड आहे. शिवाय ‘आपण’चा एक दवाखानी प्रकारही असतो. “आज आपण गोळी घेतली का?” असं म्हणताना गोळी एकानेच घ्यायची असते. चाळिशीच्या स्वमग्न माणसाशीही लोक याच लाडिक ‘आपण’मध्ये बोलतात, तेव्हा माझा आवडता शब्द मलाच नकोसा होतो. मोठ्या माणसाशी ‘तुम्ही’ म्हणूनच बोलावं.

फलकाकडे येऊ. सामावणे की समावेशन? समावेश शब्दात विश् आहे, म्हणजे आत शिरणे. शिरण्याचं काम येणाऱ्याचं. सामावणे, मावणे यांत मा आहे, मोजणे: माप, मान, प्रमाण, परिमाण सगळी त्याचीच. आनंद गगनात मावेना म्हणतो तेव्हा अपुरं पडतं ते गगन, आनंदाला कुणी बोल लावत नाही. तेव्हा जागा अपुरी पडली तर मुलाला कापायचं नाही, सभागृहाचं माप पुन्हा घ्यायचं. ते दिवे डोळ्यांवर येतात का, एका कोपऱ्यात शांत खोली आहे का, आरतीला झांजा एवढ्या जोरात हव्यात का, हे मोजायचं. म्हणून ‘सामावणे’ ठेवा. ‘समावेशन’मधला शेवटचा ‘न’ मंत्रालयाच्या वाटेवर चिकटलेला आहे, तो तिकडेच राहू दे.

फक्त ‘सामावून घेऊ’तलं ‘घेऊ’ही मला खटकतं. घेणारा कोण? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडलं की समजण्यातली अडचण दुतर्फा असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही, असं म्हणणाऱ्या इतरांनाही त्याचं मन वाचता येत नसतंच. हेही सर्वनामांचंच भांडण. ‘आम्ही’ समजून घेणार आणि ‘ते’ समजले जाणार, ही वाटणी कुणी केली? न्यूझीलंडमध्ये केरी ओपाई यांनी ऑटिझमसाठी माओरी शब्द घडवला, ताकिवातांगा. त्यामागचा अर्थ ‘त्याचा स्वतःचा काळ आणि अवकाश’. त्यात ना ग्रहण, ना मिटलेलं दार. आणि माओरीतही आम्ही-आपण भेद आहे, ‘मातोउ’ आणि ‘तातोउ’. त्यांना शेजार कुणा द्राविडांचा होता?

तर मजकूर असा करा: ‘स्वमग्न मुलं, मोठी माणसं, शेजारी: आपण सगळे. शनिवारी संध्याकाळी, सभागृहात.’ वार तुमचा घाला. खाली बारीक अक्षरांत शांत खोली कुठे आहे ते लिहा.

‘स्वमग्न’ की ‘ऑटिस्टिक’, हे राहिलंच. कायद्याला कोणताही चालेल. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यातल्या ७ प्रकारांत ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यातल्या २१ मध्ये तो स्वतंत्र आला. मला स्वमग्न आवडतो, तो का ते वर सांगितलं. पण माझ्या आवडीला फार किंमत देऊ नका. त्या घरांत विचारा, आणि आईवडिलांच्या आधी त्या मुलांना विचारा. कुणी टॅबवर बोट ठेवून सांगत असेल तर तेही सांगणंच आहे. उत्तर ‘ऑटिझम’ असं आलं, तर फलक रंगवणाऱ्याच्या डोक्यावर उभ्या राहा. ‘टि’ ऱ्हस्व आहे. तो हमखास ‘ऑटीझम’ लिहील.