वाचकांचे प्रश्न : पडीक शेत उपग्रहातून ओळखता येतं का?

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अर्धी भातखाचरं पडीक, सगळे मुंबईला. मोबाईलवर सॅटेलाईट फोटोत तर सगळंच हिरवंगार दिसतं, मग कुठली जमीन पडीक हे कळणार कसं?

उत्तर : एका फोटोवरून नाहीच कळणार, आणि पावसाळ्यातल्या तर मुळीच नाही, कारण गवत, रानमोडी न् भात वरून सारखेच हिरवे. बघायचं असतं वर्षभराचं चक्र. लावणीला खाचरात पाणी उभं असतं, ते रडारवर काळं दिसतं, आणि सेंटिनल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगातूनही बघतं म्हणून कोकणात त्याचा खरा उपयोग. मग दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की हिरवा रंग एकदम उतरतो, पडीक रानात मात्र तो हळूहळू सुकत जातो. हे चक्र सलग पाचेक वर्षं दिसलंच नाही तर जमीन सोडून दिलेली समजायला हरकत नाही, एखाद्या वर्षाची पड धरू नका.

अडचण तुकड्यांची आहे बघा. २०१५ पासूनच्या सेंटिनल-२ उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा, आणि आपली खाचरं दोन-तीन गुंठ्यांची, त्यात बांधावरचं झाड आलं की गडबड. जुनं बघायचं तर लँडसॅट हे अमेरिकी उपग्रह, त्यांचे जुने फोटोही २००८ पासून फुकट मिळतात, पण ठिपका ३० मीटरचा. आंबा-काजू लावलेली जमीनही कधीकधी पडीक म्हणून नोंदली जाते, तेव्हा गावात एक चक्कर मारून बांधावरून खात्री करा.