रात्री लांडग्यांची भांडणं सोडवणाऱ्या मॅडम

‘दिवसभर कामात पार पिट्टा पडतो. तरी रात्री झोपायचं सोडून एक-एक वाजेपर्यंत हेच करत बसते. मला व्यसन लागलंय का?’

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. त्यातलं ‘हेच’ तेवढं बदलतं. कुणाचं रील्स, कुणाचं वेब सिरीज, कुणाचं शेअर बाजाराचे आलेख. एका ग्रंथपाल बाईंचं ‘हेच’ मात्र मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. त्या रात्री जागून प्राण्यांचा ऑनलाइन खेळ बांधत होत्या. हा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करतात. तिथे लहानथोर सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. सकाळी साडेसातला कुलूप उघडायचं, कारण पेपर वाचायला येणारे आजोबा त्याआधीच पायरीवर येऊन बसलेले असतात. अकरापर्यंत देवघेव. मग वाचनालय बंद, ते चारला पुन्हा उघडून आठपर्यंत. ‘म्हणजे मधले पाच तास मोकळेच की,’ असं लोक बिनदिक्कत म्हणतात. त्या पाच तासांत नव्या पुस्तकांची दाखल नोंदवहीत नोंद, वर्गीकरण, लेबलं चिकटवणं, संगणकात माहिती भरणं, थकलेल्या वर्गणीसाठी फोन, बँकेत भरणा, कार्यवाहांना हवी असलेली पत्रं. जिल्हा ग्रंथालय कार्यालयाची तपासणी जवळ आली, की दुपारचा डबा संध्याकाळी उघडतो. आठला देवघेव थांबते, पण अभ्यासिका चालूच. स्पर्धा परीक्षांची मुलं दहापर्यंत बसतात आणि किल्ली मॅडमकडे. पगार शासनाच्या परिरक्षण अनुदानातून. ते अनुदान हप्त्यांनी येतं, तेव्हा पगारही त्याच चालीने चालतो.

या सगळ्यात काउंटरवर गोड बोलणं आलंच. ‘निळ्या कव्हरचं होतं हो, मागच्या वर्षी इथेच ठेवलेलं’ एवढ्या माहितीवर पुस्तक शोधून द्यायचं, आणि दोन वर्षं पुस्तक न परत करणाऱ्या सभासदालाही ‘सवडीने आणा’ म्हणायचं. कारण तो संचालकांपैकी कुणाचा तरी भाचा असतो.

खेळाची सुरुवात याच कामातून झाली. मे महिन्यात बालविभागातल्या मुलांना गोलात बसवून त्या एक गोष्ट खेळायला लावत. प्रत्येकाने माळरानावरचा एक प्राणी घ्यायचा आणि आपल्या पाळीला ‘मी आता काय करतो’ एवढंच सांगायचं. २०२० मध्ये टाळेबंदीत वाचनालय बंद झालं, तेव्हा हाच खेळ व्हॉट्सॲपवर गेला. लहान मुलं हळूहळू गळाली. त्यांची कॉलेजातली ताई-दादा मंडळी टिकली, त्यांनी मित्र आणले आणि बिऱ्हाड डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या ॲपवर हललं. तिथे जागा पुरेना, म्हणून मॅडमनी खेळाची स्वतःची वेबसाइट बांधायला घेतली. एचटीएमएल त्या वाचनालयातल्याच एका जुन्या पुस्तकावरून शिकल्या, जावास्क्रिप्ट यूट्यूबवरून.

ज्यांनी असा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात धावणारी चित्रं नसतात, सगळं लिहून चालतं. एक जण लिहितो, ‘लांडगी ओढ्याकाठी थांबते, वारा हुंगते.’ दुसरा आपल्या खोकडाचं लिहितो. शिकार साधली की हुकली, हे फासा ठरवतो. लिहून एकत्र खेळण्याची ही रीत जुनीच आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये असा संगणकी खेळ बांधला होता. मॅडमच्या खेळातलं माळरान पुणे-सोलापूर पट्ट्यातलं आहे. लांडगा, खोकड, तरस, काळवीट, ससाणा, आणि हो, मेंढ्यांचा वाडा घेऊन फिरणारा धनगरही. पावसाळ्यात गवत वाढतं तसे लपण्याचे नियम बदलतात.

एक पक्का नियम असा, की आपल्या प्राण्याने काय केलं तेवढंच लिहायचं, समोरच्याच्या प्राण्याला काय झालं ते नाही. ‘मी झेप घेतली’ चालेल. ‘मी झेप घेतली आणि तो मेला’ चालणार नाही. खेळाडू याला पॉवरप्ले म्हणतात, आणि त्यावरून होतात ती भांडणं खरीखुरी असतात.

नवे खेळाडू इंग्रजी खेळांतून ‘अल्फा’ म्हणजे म्होरक्या लांडग्याची कल्पना घेऊन यायचे आणि कळपाच्या गादीसाठी मारामाऱ्या लावायचे. मॅडमनी ग्रंथपालाच्या सवयीने मुळाशी जाऊन पाहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ च्या लेखात सांगितलं आहे, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादी जिंकावी लागत नाही. अनोळखी लांडगे बंदिस्त जागेत एकत्र कोंडले, की जे दिसतं त्यावरून अल्फाचा समज पसरला होता. मॅडमनी तो नियमच बदलून टाकला. हे सांगताना त्या खुर्चीत पुढे सरकून बोलत होत्या. दिवसभराच्या कामाबद्दल सांगताना पाठ टेकलेली होती.

त्यांची तक्रार होती झोप, चिडचिड आणि सतत अंग मोडून आल्यासारखं वाटणं. ‘व्यसन’ हे निदान त्यांनी घरूनच आणलं होतं. यजमान म्हणाले होते, ‘चाळिशीला आलीस आणि गेमच्या नादाला लागलीस.’ सासूबाई काही बोलल्या नव्हत्या, पण रात्री पाण्याला उठल्या की खोलीच्या दारात क्षणभर थांबायच्या. मॅडमना ते जास्त लागत होतं.

तेव्हा आधी व्यसनाचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाऊन बसणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं किंवा वाढत जाणं, ही लक्षणं लागतात. त्यांमुळे घर, काम, नाती यांची चांगलीच पडझड झालेली असावी लागते, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं. नुसते तास मोजून हे निदान होत नाही. मॅडम एकदाही कामाला उशिरा गेल्या नव्हत्या. मुलीच्या परीक्षेत त्यांनी तीन आठवडे खेळ बाजूला ठेवला होता, आणि तो ठेवताना जीव कासावीस झाला नव्हता. निदान बसत नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांना हायसं वाटलं, पण थकवा काही त्याने जाणार नव्हता.

म्हणून आधी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा म्हटला की मनच शोधायचं, ही आमच्या व्यवसायाची खोड आहे. चाळिशीच्या आसपासची, उभ्याउभ्या चहावर दिवस काढणारी बाई असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. थकव्याचा एक वाटा तिथे होता.

उरलेल्यासाठी मी त्यांना पंधरा दिवस साधी नोंद ठेवायला सांगितली. रात्री खेळासाठी जे जे कराल ते दोन रंगांत लिहा. काही नवं बनवलं तर हिरवं, कुणाचं काही निस्तरलं तर लाल. नोंदी ठेवणं हे त्यांचं रोजचंच काम, त्यामुळे वही नमुनेदार आली. आणि ती जवळजवळ लाल होती. ‘माझ्या खोकडाला न विचारता जखमी केलं.’ ‘नवीन मुलगी उगाच सगळ्यांशी लगट करते, तिला सांगा.’ ‘माझा अर्ज तीन दिवस झाले मंजूर नाही.’ एक मुलगा रात्री साडेबाराला खेळाच्या निमित्ताने लिहायचा आणि मग घरातली भांडणं सांगत बसायचा. मॅडम त्यालाही उत्तर द्यायच्या, काउंटरवर देतात तसंच, गोड.

हिरव्या नोंदी अगदी थोड्या होत्या. ओढ्याचा नकाशा. पावसाचा नियम. एका रात्री तर पुढे लिहिलं होतं, ‘दोन वाजले, पण सकाळी जड वाटलं नाही.’

मी विचारलं, ‘तुमचा स्वतःचा प्राणी कोणता?’

‘तरस.’

मला नवल वाटलं. लांडगी किंवा हरणी असेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, आपल्याकडचं पट्टेदार तरस आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसासारखं हसत-ओरडत नाही. बहुतेक एकटं असतं, रात्री फिरतं, उरलंसुरलं खातं. लोक त्याला घाबरतात किंवा नावं ठेवतात, पण कुणी त्याच्याकडे काही मागायला येत नाही.

‘ते तरस शेवटचं कधी खेळलात?’

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. वेबसाइट बांधायला घेतल्यापासून त्या खेळल्याच नव्हत्या. नाव त्यांचं, नियम त्यांचे, भांडणं त्यांच्याकडे, आणि तरस कुठल्याशा घळीत बसून राहिलेलं.

माझ्या मते दुखणं इथे होतं. दिवसभर लोकांच्या मागण्या पुरवणाऱ्या बाईने स्वतःसाठी म्हणून एक जागा उभी केली, आणि बघता बघता तिथेही एक काउंटर मांडला गेला. वाचनालयाला निदान बंद होण्याची वेळ होती, साप्ताहिक सुट्टी होती. याला तीही नव्हती. ‘काम करून दमतेस तर वर हा खेळ कशाला?’ असं घरचे विचारत होते, तेव्हा ते दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकच समजत होते. कामाचा शीण कशाने जातो यावर साबीने झोननटाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या: मनाने कामापासून सुटणं, शरीर-मन सैल होणं, काही नवं शिकून जमवल्याचा अनुभव, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. तिसरी गोष्ट आपल्याकडे कुणी मोजतच नाही. विश्रांती म्हणजे आडवं पडणं, असंच आपण धरून चालतो. मॅडमना नकाशा काढून जी उभारी यायची ती हीच. लाल नोंदींनी मात्र चारही गोष्टी एका फटक्यात काढून घेतल्या होत्या.

यजमानांना एकदा बोलावलं. सरळ माणूस. ‘ताई, ही रात्री लांडग्या-कोल्ह्यांची भांडणं सोडवते, आणि घरात काही विचारलं की अंगावर येते,’ ते म्हणाले. मी हसले, मॅडमही हसल्या. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गोड बोलण्याचा दिवसभराचा साठा सभासदांवर आणि खेळाडूंवर संपायचा, घराच्या वाट्याला खरवड यायची. त्यांना मी वहीची लाल पानं दाखवली. ते म्हणाले, ‘मग हे लाल बंद करा ना, गेम कशाला बंद करता?’ हे वाक्य माझ्या तोंडून येण्यापेक्षा त्यांच्या तोंडून आलं, ते बरं झालं.

पुढचं मॅडमनीच ठरवलं, मी फक्त विचारत राहिले. खेळालाही वेळ असेल: तक्रारी आणि अर्ज गुरुवारी आणि रविवारी बघितले जातील. जुन्या खेळाडूंपैकी दोघांना भांडणं सोडवायचे अधिकार दिले. रात्री घरच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलाला त्यांनी नीट लिहिलं, की हे ऐकायला मी योग्य माणूस नाही, आणि शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. त्याला कटवल्यासारखं वाटेल, या भीतीने हे पत्र त्यांनी कितीतरी दिवस लिहायचं टाळलं होतं. तो दुखावला, आठवडाभर आला नाही, मग आला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उत्तरं उशिरा मिळतात म्हणून काही खेळाडू सोडून गेले. त्यांत अगदी सुरुवातीपासूनची एक मुलगी होती, आणि मॅडमना ते फार लागलं. अधिकार दिलेल्या दोघांपैकी एकाने पहिल्याच महिन्यात आपल्या मित्राची बाजू घेतली. मॅडम पुन्हा मध्ये पडायला निघाल्या होत्या. ‘वाचनालयात शिपायाने चुकीच्या कपाटात पुस्तक लावलं, तर तुम्ही रात्री जाऊन काढता का?’ एवढं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आधी काढायचे.’

वाचनालयाचाही विषय निघाला, कारण खेळाला कितीही शिस्त लावली तरी चौदा तासांचा दिवस तसाच राहतो. किल्लीसाठी त्यांनी संचालक मंडळाला लेखी पत्र दिलं. तोंडी त्या चार वर्षं सांगत होत्या, पण लेखी पत्र सभेपुढे ठेवावं लागतं. अभ्यासिकेच्या मुलांपैकी दोघांना वर्गणी माफ करून रात्री बंद करायचं काम द्यायचं ठरलं. पगारवाढीच्या मागणीवर ‘अनुदान वाढल्यास विचार करू’ असं उत्तर आलं. इथे समुपदेशकाने उगाच धीर देऊ नये. तुटपुंजा पगार हा मनाचा प्रश्न नाही, आणि श्वासाच्या व्यायामाने तो वाढत नाही.

नोकरी सोडून पूर्ण वेळ गेम बनवावेत का, हेही त्यांनी एकदा विचारलं. मी हो-नाही काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, की तेव्हा घर चालवायला खेळाडूंकडून पैसे घ्यावे लागतील, मग रात्री साडेबाराच्या तक्रारीला गुरुवारपर्यंत थांबा म्हणता येईल का? त्यांनी तो बेत तूर्त बाजूला ठेवला.

शेवटच्या भेटीत झोप बऱ्यापैकी सुधारली होती, हिमोग्लोबिन वर आलं होतं. यजमानांची कुरकुर थोडी शिल्लक होती, आणि ती राहायला हरकत नाही. तरस घळीतून बाहेर येऊन दोनदा फासा हरलं होतं. ऑक्टोबर जवळ येत होता, म्हणजे वाचनालयात दिवाळी अंकांची गडबड: गठ्ठे सोडायचे, नोंदी, वेगळी वर्गणी, आणि एकाच अंकासाठी थांबलेले दहा सभासद. त्या काळात खेळ तीन आठवडे पूर्ण बंद ठेवायचा, असं मॅडमनी माझ्याशी न बोलताच ठरवून टाकलं होतं. खेळाडूंना त्यांनी कारण दिलं नाही, माफीही मागितली नाही. फक्त तारखा कळवल्या.