वजन उतरावं, ताकद नव्हे

निवृत्तीच्या आसपासच्या वाचकांकडून वजन आणि व्यायामाबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वय ६०, उंची १६५ सेंटिमीटर. निवृत्त झालो तेव्हा वजन ८२ किलो होतं. रात्रीचं जेवण बंद केलं, रोज सकाळी तासभर चालतो. दोन महिन्यांत पाच किलो उतरले. पण हल्ली जिना चढताना मांड्या भरून येतात, दंड बारीक झालेत आणि पोट मात्र होतं तेवढंच दिसतं. कुठे चुकतंय?

उत्तर : चालण्यात काही चूक नाही, ते सोडू नका. तुम्ही फक्त काट्याकडे बघताय, तिथे चुकतंय. किती चरबी गेली आणि किती स्नायू गेले, हे काटा सांगत नाही. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. त्यात तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू तसेही कमी होत असतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे घट आधीपासून चालू होती, तुम्ही रात्री उपाशी राहून तिला हातभार लावलात. पंचविशीत असे गेलेले स्नायू लवकर भरून येतात. साठीत मुद्दाम कष्ट घेतल्याशिवाय येत नाहीत, आणि वजन पुन्हा वाढलंच तर परत येते ती बहुतांशी चरबी.

यावर अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १६० लठ्ठ व्यक्तींची एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांनी आहार कमी केला होता आणि तिघांचंही वजन साधारण ९ टक्क्यांनी उतरलं. मात्र नुसता चालण्यासारखा, दम वाढवणारा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के घटलं, फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्के. उठणं, चालणं, चढणं अशा कामांत सर्वांत जास्त सुधारणा दोन्ही व्यायाम करणाऱ्यांत दिसली. तुमच्याकडे नेमका ताकदीचा व्यायाम नाही. तो कसा करायचा, हे पुढच्या उत्तरात सविस्तर दिलं आहे.

रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करा, हवं तर लहान ठेवा. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी कमी होतील एवढीच कपात करा. ती तेल, साखर, तळलेलं आणि अधूनमधून तोंडात टाकायचे पदार्थ यांतून करा, प्रथिनांतून नको. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तरी खूप झालं.

या वयात मूत्रपिंडं ठीक असतील, तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. लठ्ठ व्यक्तीने सगळं वजन हिशेबात धरायची गरज नसते. तुम्ही ७० किलो धरा, म्हणजे दिवसाला ७० ते ८५ ग्रॅम झाले. ती तिन्ही जेवणांत वाटून घ्या, प्रत्येक वेळी साधारण २५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, २०० मिलिलिटर दुधात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २०, तेवढ्याच मासळीत साधारण २०, कोरड्या ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५ आणि ४० ग्रॅम कच्च्या डाळीत नऊ. बहुतेकांच्या सकाळच्या खाण्यात सात-आठ ग्रॅमच्या वर जात नाहीत. सुधारणा तिथूनच सुरू करा. शेंगदाणे, बदाम यांत प्रथिनं असतात हे खरं, पण मूठभर दाण्यांत १७०च्या आसपास कॅलरी असतात, म्हणून त्यांवर विसंबू नका.

काट्याबरोबर आणखी दोन मापं ठेवा. पहिलं कमरेचं : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर, पोट आत न ओढता. हे माप उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावं, तुमच्या बाबतीत ८२ सेंटिमीटरच्या आत. दुसरं पायांचं : हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी जमले, तर पाय कमजोर समजायचे. ६५ ते ६९ वयात हे आकडे १२ आणि ११ आहेत. वजन उतरतंय आणि हा आकडाही घटतोय असं दिसलं, तर खाण्यातली कपात तिथेच थांबवा.

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे, दोन वर्षांत निवृत्त होईन. आजवर कधी व्यायाम केलेला नाही. गुडघे थोडे दुखतात. जिममध्ये न जाता घरी ताकदीचा व्यायाम होईल का? या वयात सुरू करून उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि चांगला होतो. सरासरी नव्वद वर्षं वयाच्या, अशक्त अशा दहा जणांना आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम देऊन पाहिला होता. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. गुडघ्यांसाठी तर मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद हाच मोठा आधार. शिवाय वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करा. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा.

सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्याने. बिनहाताची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पावलं खांद्याइतकी दूर आणि गुडघ्यांच्या थोडी मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका, टाचांनी जमीन दाबत उठा. बसताना मनात तीन अंक मोजत हळू खाली या. बहुतेक जण इथेच धपकन बसतात आणि निम्मा फायदा घालवतात, कारण खाली येताना स्नायूंना भरपूर काम पडतं. उठताना गुडघे आत वळले तर ते दुखणारच. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. दुखत असेल तर घट्ट उशी ठेवून बैठक पाच-दहा सेंटिमीटर उंच करा. आठ ते दहा वेळा, मग दीड-दोन मिनिटं विसावा, पुन्हा तेवढंच.

त्यानंतर भिंतीवरचे जोर : हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवा. मग दाराच्या कडीत घट्ट अडकवलेला व्यायामाचा रबरी पट्टा कोपर मागे नेत ओढायचा, पाठीसाठी. ओट्याला हलका हात लावून टाचा उचलायच्या, पोटऱ्यांसाठी. शेवटी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेने ३० पावलं चालायचं. प्रत्येकाचे दोन फेरे. सगळं मिळून अर्धा तास पुरतो.

जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम वर जातो.

भार किती, याची खूण अशी : फेऱ्यातल्या शेवटच्या दोन खेपा जड जायला हव्यात, पण थांबल्यावर आणखी दोन जमल्या असत्या असं वाटायला हवं. लागोपाठ दोन वेळच्या व्यायामात बारा खेपा सहज झाल्या, की बैठक खाली आणा किंवा छातीशी दोन किलो वजन धरा. वर्षभर त्याच दोन किलोंवर अडकलेले खूप जण असतात. भार वाढला नाही तर स्नायूही वाढत नाहीत.

दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं, तर चालेल. गुडघा सुजला तर पुढच्या वेळी भार आणि खेपा कमी करा. स्नायू एक-दोन दिवस ठणकणं सुरुवातीला ठरलेलंच. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर पोटावर जोर देऊन उठून बसण्याचे आणि वजन धरून पाठीतून वाकण्याचे प्रकार टाळा. त्यांत मणक्यावर ताण येतो.

आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव जोडा. दात घासताना ओट्याजवळ एका पायावर उभं राहा. दहा सेकंद न धरता जमलं की हळूहळू वाढवा.

प्रश्न : मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. खाणं कमी करून व्यायाम सुरू केला तर काय सांभाळायचं?

उत्तर : सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण वजन उतरू लागलं की औषधाचा जुना डोस जास्त होऊ शकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका खरा आहे. हातांना थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. व्यायामाआधी साखर मोजा आणि १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवा. ही लक्षणं दिसली तर तेवढी घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

रक्तदाबाचं म्हणाल तर बसल्यावरून उठताना चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बसून आणि उभं राहून दाब मोजा, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशा गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, त्यामुळे नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवता येत नाही. बोलून बघा : वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम गती. छातीत दडपण आलं किंवा ते जबडा, डाव्या हातात उतरलं, तर लगेच थांबा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न : तीन आठवडे वजन जागचं हलत नाही. चयापचय मंदावलं म्हणायचं का?

उत्तर : वय एवढंच कारण धरू नका. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार, शरीराच्या आकाराचा हिशेब केला तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सारखा राहतो. त्यानंतर तो वर्षाला ०.७ टक्क्यांच्या आसपास घटतो. निवृत्तीनंतर खरा फरक पडतो तो ये-जा, जिने, उभ्याने करायची कामं थांबल्यामुळे. अर्धा तास भरभर चालून ७० किलोच्या माणसाच्या १३० ते १५० कॅलरी जातात. साखर घातलेल्या दोन कप चहाने आणि चार बिस्किटांनी त्या भरून निघतात.

एक आठवडा तोंडात जाणारा प्रत्येक घास लिहा, तेल चमच्याने मोजा. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा, कारण रोजच्या आकड्यात पाण्यामुळे किलोभर फरक पडतो. पहिल्या आठवड्यात झटकन गेलेलं वजनही बरंचसं पाणीच होतं. कंबर घटत असेल तर काळजी नको. वजन हलेना म्हणून आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरवणारा आहार घेऊ नका, त्याने पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : रोज दहा हजार पावलं चाललंच पाहिजे का?

उत्तर : नाही. हा आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. साठीपुढे सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा चांगला वाढतो, पुढे तो फारसा वाढत नाही. आज तीन हजार होत असतील तर दर आठवड्याला पाचशे वाढवा. एकदम दुप्पट केल्यास टाच आणि घोटा दुखायला लागतात. स्नायूंपेक्षा कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, सवय व्हायला जास्त वेळ लागतो.

प्रश्न : माझे यजमान ६७ वर्षांचे आहेत. काहीही न करता पाच महिन्यांत वजन ७४ वरून ६८ किलोवर आलं. ते खुश आहेत. मला काळजी वाटते.

उत्तर : तुमची काळजी बरोबर आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं तपासून घ्यावंच लागतं. त्यांचं आठ टक्के उतरलं आहे. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागणं, मधुमेह, पोटाचे आजार, कर्करोग, नैराश्य, दात दुखत असल्यामुळे कमी जेवण, एखाद्या औषधाने मरणारी भूक, यांपैकी काहीही कारण असू शकतं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. वजनाच्या तारखा, भूक कशी आहे, शौचाच्या सवयीत काय बदल झाला आणि सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून बरोबर न्या.